मीठ बघ गं, सुनंदा

दहावीच्या परीक्षेची ड्युटी होती, म्हणून फोन बंद करून ऑफिसात ठेवला होता. पेपरांचा गठ्ठा जमा करून बाहेर आले, तर शाळेच्या फाटकापाशी आमचे हे उभे. इतक्या वर्षांच्या नोकरीत ते मला न्यायला कधी शाळेत आले नव्हते. "वहिनी गेली," एवढंच म्हणाले आणि गाडीची किल्ली हातात तशीच फिरवत राहिले... सकाळी परड्यातल्या मिरच्यांना पाणी सोडून त्या आल्या, मागच्या कट्ट्यावर जरा टेकल्या, आणि सून चहा घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

यशोदाआक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. बेळगावातून कडोलीकडं जाताना वाटेत आमचं गाव लागतं. थोरल्या दिरांच्या मागं घर त्यांनीच सांभाळलं. मुलगा महेश शेती बघतो, सून स्वाती गावातच अंगणवाडीत आहे. आम्ही दोघं नोकरीपायी शहरात. घरामागं मोठं परडं आहे, विहिरीच्या पाण्यावर उन्हाळाभर हिरवं असतं. दोन आंबे, मिरची, गवार, काकडी, टोमॅटो. आक्कांचं माहेर कणकुंबीकडचं, जंगलातलं. तिथं पावसाळ्याचे चार महिने बाजाराला जाणं म्हणजे दिव्य. त्यामुळं उन्हाळ्यात जे पिकेल ते वाळवून, मुरवून ठेवायचं, हे त्यांच्या अंगातच होतं. कैरीच्या फोडी मीठ लावून वाळवायच्या, मिरच्या ताकात बुडवून मसाला भरून उन्हात घालायच्या, गवारीच्या शेंगा उकडून वाळत टाकायच्या. टोमॅटोला एके वर्षी कोणी विचारेना, तेव्हा त्याच्याही चकत्या करून त्यांनी माळवदावर पसरल्या. शेजारणी हसल्या. श्रावणात त्याच शेजारणी वाटी घेऊन आल्या.

मला त्या सगळ्याचं फारसं कौतुक नव्हतं, हे आज लिहिताना लाज वाटते. मी शिकलेली, मास्तरीण. सुट्टीला गावी गेले तरी पेपर तपासायला घेऊन बसायची. एकदा भर उन्हात त्यांना मिरच्या उलथताना बघून मी म्हटलं, "आक्का, आता सगळं पाकिटात मिळतंय. कशाला एवढं जिवाला त्रास करून घेता?" त्या रागावल्या नाहीत. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "झाड वर्सातनं एकदाच देतंय गं. पोट रोज मागतंय. मधलं काम कुणी तरी करायला पायजे न्हवं?" आणि पुन्हा वाकल्या. मी सावलीत जाऊन बसले.

मोठ्या साथीच्या दुसऱ्या वर्षी त्यांना ताप आला. दवाखान्यात जावं लागलं नाही, दहा-बारा दिवसांत उठल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला गेले होते. दुपारची वेळ, महेश-स्वाती घरात नव्हते. मी पुढच्या सोप्यात वाचत होते, तोच जळका वास आला. कडवट, नाकात बसणारा. धावत स्वयंपाकघरात गेले, तर लोणच्यासाठी तेलात टाकलेल्या मेथ्या काळ्या होऊन धूर सोडत होत्या, आणि आक्का त्यांच्यावर वाकून शांतपणे झारा फिरवत होत्या. "आक्का, करपतंय!" मी गॅस बंद केला. त्यांनी आधी कढईकडं, मग माझ्याकडं बघितलं. मोतीबिंदूमुळं त्यांना काळं-तपकिरी नीट उमजत नव्हतं, पण वास... मला एकदम काहीतरी कळलं. मी विचारलं, "तुम्हाला वास येत नाही?"

त्या खाली पाटावर बसल्या. "वास न्हाय आणि चव बी न्हाय," म्हणाल्या. "तापानं गेली ती आलीच न्हाय. सकाळचा च्या आणि गरम पाणी सारखंच लागतंय." डॉक्टरांनी येईल म्हणून सांगितलं होतं. वर्ष झालं होतं. घरात कुणाला पत्ता नव्हता. आमटीचा अंदाज हाताला होता, त्यावर निभावत होतं. लोणच्याचं तसं नसतं. कैरी दरवर्षी वेगळी, झाडाझाडाचा आंबटपणा वेगळा. आणि आक्कांचं लोणचं चिकोडीपासून खानापूरपर्यंतच्या सगळ्या पाहुण्यांत जायचं. लेकीबाळी सासरी परतताना बरणी न्यायच्या. "यंदा नको करू या," मी म्हटलं. "पाहुण्यांना सांगू, तब्येत बरी नव्हती." त्यांनी मान हलवली. "एक वर्स सोडलं की सुटलंच बघ ते. तू हायस की. तुझी जीभ दे मला."

असा माझा उमेदवारीचा काळ सुरू झाला, पन्नाशी उलटल्यावर. त्या मसाला कालवायच्या, चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मीठ बघ गं, सुनंदा." मी चाखून म्हटलं, "बरं आहे." त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "बरं म्हंजे? पोराच्या पेपरावर बरं लिहून सोडतीस व्हय? मार्क देतीस न्हवं? मग नीट सांग. खारट लागतंय ते आधी का मागनं? जिभेच्या शेंड्याला का कडंला? मोहरी नाकात चढती का गळ्यात?" मी पुन्हा चाखलं. खरं सांगायचं तर तोवर मी आयुष्यभर नुसती जेवत आले होते. मीठ आधी लागतं की मागून, याचा विचार केला नव्हता. हळूहळू कळू लागलं. मी सांगायची, त्या ऐकायच्या, डोळे मिटून क्षणभर थांबायच्या आणि नेमकी तेवढीच मूठ टाकायच्या. तीन उन्हाळे आम्ही दोघींनी असं केलं, स्वाती अंगणवाडीत असण्याची वेळ साधून. त्या काळात त्यांच्या तोंडून तक्रार ऐकली नाही. फक्त एकदा, झाडाखाली पडलेली पाडाची कैरी त्यांनी उचलली, सवयीनं नाकाशी नेली, जरा वेळ तशीच धरली... आणि टोपलीत टाकली.

गेल्या वर्षी स्वातीच्या मुलीचं बारसं झालं. पंगतीत कणकुंबीची त्यांची भाची बसली होती. लोणच्याची फोड तोंडात टाकून ती म्हणाली, "आत्या, कायबी म्हण, तुझ्या हातची चव अजून तीच हाय." चार बायकांनी माना डोलावल्या. आक्का वाढत होत्या. हातातलं भांडं त्यांनी खाली ठेवलं. "चव माझी न्हाय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिची हाय, सुनंदाची. मला तापापासनं चवच कळत न्हाय. तीन वर्सं ही चाखती आणि मी कालवती." मला कुठं बघावं कळेना. त्यांनी मात्र भांडं उचललं आणि पुढच्या ताटाकडं वळल्या.

पाहुणे गेल्यावर स्वातीचे डोळे भरून आले. "आत्ती," ती सासूला म्हणाली, "मी ह्याच घरात राहती. मला का सांगितलं न्हाय?"

"तुझ्या मायेचंच भ्या वाटलं बाई," आक्का म्हणाल्या. "तुला कळलं असतं तर तू मला चुलीपासनं उठवून खाटंवर बसवलं असतंस. आणि एकदा बसलेलं माणूस परत उठतंय का?"

"मग आज का सांगितलं?"

"कौतुक फुकटचं गळ्याखाली उतरंना," म्हणाल्या. "त्याची चव अजून कळती मला." स्वाती रडता रडता हसली.

यंदाही मी सुट्टीला गेले. दिवसकार्य होऊन गेलेलं, घर शांत. परड्यात मात्र आंब्याच्या फांद्या ओझ्यानं खाली आलेल्या, मिरची लाल होऊन सुकत चाललेली. महेश म्हणाला, "काकू, यंदा आंबा व्यापाऱ्याला देऊन टाकतो. कोण करत बसणार एवढं?" त्याची आई होती, त्याला ती झाडं बघवत नसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, तर स्वातीनं आंबे फोडायची विळी धुऊन उन्हात ठेवली होती. महेशनं ती बघितली आणि शिडी घेऊन झाडाकडं गेला.

दोन दिवस आम्ही फोडी केल्या. तिसऱ्या दिवशी स्वातीनं मोहरी फेसली, मेथ्या तळल्या, अगदी वेळेवर उतरवल्या. परातीत सगळं कालवलं आणि माझ्या तळहातावर चिमूटभर ठेवलं. "काकू, मीठ बघा."

हात तोंडाशी नेला होता. मग तिचाच तळवा ओढून घेतला आणि ती चिमूट त्यावर परत ठेवली. "तू बघ," म्हटलं.

तिनं चाखलं. आतल्या खोलीत बाळ कुरकुरलं, तरी हलली नाही. मग म्हणाली, "मीठ मागनं लागतंय. आधी लागायला पायजे." मी मिठाचं मडकं तिच्यापुढं सरकवलं. तिनं मूठ भरली, थोडं परत सोडलं आणि उरलेलं परातीत टाकलं.