सासूबाईंसोबत नवरा मारायचा पिक्चर

रुसलेल्या बायकोची समजूत काढण्यासाठी मी तिला नवरा मारायचा पिक्चर दाखवला. सोबत सासूबाई होत्या. तिकिटं मीच काढली होती.

रुसवा कूलरचा होता. आमच्या पडेगावात उन्हाळ्यात कूलर बंद पडला म्हणजे घरातलं कर्तं माणूस आजारी पडल्यासारखं असतं. शोभा म्हणाली, "मेकॅनिकला बोलवा." मी म्हणालो, "मेकॅनिक कशाला? मला कळतं." आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो. त्याच दुपारी शोभाचा भाऊ नव्या नवरीला घेऊन कन्नडहून जेवायला आला. पाहुणे आमरसावर आले तसं मी मोठ्या थाटात बटण दाबलं. पाण्याचा पाइप मी पंख्याच्या पुढ्यात बसवलाय, हे मला तेव्हाच कळलं. (पाहुण्यांनाही तेव्हाच कळलं!) नव्या नवरीची साडी, ताटं, आमरस, मेव्हण्याचा इस्त्रीचा शर्ट, सगळं एका फवाऱ्यात चिंब! पोरगी इतकी सोशिक, की डोळ्यांवरचं पाणी पुसत म्हणाली, "गार वाटतंय, दाजी."

त्या दिवसापासून शोभा माझ्याशी बोलेना. भिंतीशी बोलायची. "ज्यांना चहा लागंल त्यांनी घ्यावा." भिंत काही चहा प्यायची नाही, म्हणून मी घ्यायचो. भिंतीला भाजी आणायला सांगायची, मी आणायचो. मग भिंतीला सांगायची, "मेथी म्हणलं व्हतं, शेपू नाय!"

ही बातमी कन्नडला पोचली आणि मामी आल्या. (आमच्याकडं सासूला मामी म्हणतात.) येताना एक मोठी रिकामी पिशवी घेऊन आल्या.

"पिशवी कशाला, मामी?" मी विचारलं.

"शोभीच्या साड्या भराया. नेते तिला काही दिवस माहेराला. तुम्ही निवांत कूलर दुरुस्त करा, जावईबापू."

आणि हसल्या. मामी ओरडतात तेव्हा मला भीती वाटत नाही. हसल्या की वाटते.

आता काहीतरी जालीम उपाय हवा होता. मिल कॉर्नरच्या सिग्नलला पुढच्या रिक्षाच्या पाठीवर मला एका पिक्चरचं पोस्टर दिसलं. गळ्यात हार घातलेले नवरा-बायको तोंडभर हसत होते आणि वर लिहिलं होतं, 'पोट धरून हसाल!' खालचं अर्धं पोस्टर चिखलानं भरलेलं होतं. पण मला अर्धं पोस्टर पुरेसं असतं! संसाराचा पिक्चर, हसायचा पिक्चर. तिथंच मोबाइल काढून तीन तिकिटं बुक केली. मागचे हॉर्न वाजवत राहिले.

थिएटरच्या दारात पूर्ण पोस्टर दिसलं. ते हार लग्नातले नव्हते. नवरा-बायको दोघंही फोटोच्या चौकटीत होते आणि खाली उदबत्ती लावलेली होती.

"लग्नाचाच हाय ना पिक्चर?" मामींनी चष्मा वर करून विचारलं.

"लग्नाचाच, मामी," मी म्हणालो. "जरा नंतरचा."

पण खरं सांगतो, काय पिक्चर होता! एक मध्यमवयीन जोडपं. नवरा हेकट, बायको घुमी. दोघांनीही आपापल्या मनाशी ठरवलेलं असतं, की आता दुसऱ्याला वर पाठवायचं. ती त्याच्या खिरीत झोपेच्या गोळ्या घालते, तर त्याला कित्येक वर्षांनी अशी गाढ झोप लागते, की सकाळी उठून तिच्यासाठी गाणंच म्हणतो! तो तिच्या झोपाळ्याची कडी सैल करतो, तर त्या दिवशी झोपाळ्यावर नेमका घरमालक बसतो! आणि ती नटी! हातात सुरी घेऊन कांदा चिरते, आणि चिरता चिरता घोरणाऱ्या नवऱ्याकडं नुसती बघते. अख्ख्या थिएटरचं पॉपकॉर्न चावणं थांबलं होतं.

थांबलं नव्हतं ते फक्त मामींचं तोंड. मामी घरात टीव्ही बघतात तशाच थिएटरात बसल्या होत्या. नवऱ्यानं खिरीची वाटी उचलली तशा म्हणाल्या, "बदाम नाय घातले गं. त्याला वळखू येईन!" पुढची रांग फिस्सकन हसली. झोपाळ्याची कडी सैल झाली तशा ओरडल्या, "बसू नको गं माय! मेल्यानं घात केला!" आता मागच्याही रांगा हसायला लागल्या. थोड्या वेळानं तर अशी पाळी आली, की पडद्यावर काही घडलं की लोक आधी पडद्याकडं बघायचे आणि मग मामी काय म्हणतात त्याची वाट बघायचे. मागच्या सीटवरचे एक चाचा आपल्या बेगमला म्हणाले, "ये खाला के वास्ते तो अलग टिकट रखना मंगता!" (खाला म्हणजे मावशी.)

आणि शोभा हसत होती! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पदर तोंडात कोंबून. माझ्याकडं बघून नाही, पण माझ्या शेजारी बसून. मला तेवढंही पुष्कळ वाटलं. मग लक्षात आलं, की ती फक्त नवऱ्याला मारायच्या सीनलाच हसतेय.

मध्यंतरात पुरुषांच्या बाजूला मयतीला आल्यासारखी शांतता होती. सगळे मान खाली घालून हात धूत होते. बायकांच्या बाजूनं मात्र हळदीकुंकवाचा कालवा ऐकू येत होता, आणि त्यात मामींचा आवाज स्पष्ट होता.

मध्यंतरानंतर तो सीन आला. घरातला पंखा बंद पडलेला. नवरा स्टुलावर चढतो. बायको म्हणते, "मेकॅनिकला बोलवा." आणि तो म्हणतो, "कशाला? मला कळतं."

शोभानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मामींनी पाहिलं. मी पडद्याकडं पाहिलं. तिथंही मीच होतो!

पडद्यावर बायकोनं स्टूल धरलेलं. हळूहळू तिच्या हातांची पकड सैल होते. थिएटरात चिडीचूप. आणि त्या शांततेत माझी बायको, जी इतके दिवस भिंतीशी बोलत होती, ती मोठ्यानं म्हणाली, "सोड!"

"सोड गं माय, सोड!" मामींनी री ओढली.

माझा ताबा सुटला. "अगं, माणूस पडंल ना!" मी ओरडलो.

"पडू द्या! मेकॅनिक का नाय बोलवत तो?"

"कारण त्याला कळतं!"

मागून चाचा म्हणाले, "भाईसाब, कळता है तो पंखा कायकू नै चलता?"

थिएटर फुटलं! बायका टाळ्या वाजवायला लागल्या. कोपऱ्यातून एक पुरुष माझ्या बाजूनं ओरडला, "दादा, तुम्ही बोला, आम्ही हाय!" पण लगेच त्याच्या शेजारून कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि तो पुन्हा बोललाच नाही. बॅटरी घेऊन डोअरकीपर धावत आला. त्यानं आमच्या तिघांच्या तोंडावर उजेड पाडला, सगळं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला, "ताई बरोबर बोलतायत. पण हळू."

तेवढ्यात पडद्यावर पंखा फिरला. बायकोनं स्टूल सोडलं नव्हतं. उलट दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, आणि ती रडत होती. नवरा वरूनच म्हणाला, "तू खाली होतीस, म्हणून चढलो." एवढंच. आत्तापर्यंत खिदळणाऱ्या त्या थिएटरात नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. चाचांनी चष्मा काढून पुसला.

"नाय सोडलं तिनं," शोभा हळूच म्हणाली. मला म्हणाली. भिंत तिथं नव्हती.

"नाही सोडलं," मी म्हणालो.

"कसं सोडंल? इतक्या वर्षांची सवय असती."

मी पॉपकॉर्नचा पुडा तिच्यापुढं केला. (बोललो असतो तर पुन्हा बिघडलं असतं, एवढं आता मलाही कळायला लागलं होतं.) मामी मात्र नाराज होत्या. "लई छान केलाय पिक्चर, पण बाई कच्ची निघाली!"

बाहेर पडलो तर एक मुलगी माइक घेऊन उभी. तिच्या मोबाइल चॅनलसाठी प्रेक्षकांची मतं घेत होती. "सर, कसा वाटला पिक्चर?"

माइक बघितला की माझ्यातला समीक्षक जागा होतो. घसा साफ करून म्हणालो, "उत्कृष्ट कलाकृती! संसारातल्या ताणाचं इतकं भेदक आणि तरी हसरं चित्रण क्वचितच बघायला मिळतं. फक्त नवऱ्याचं पात्र जरा अतिशयोक्त वाटलं. इतका हेकट माणूस प्रत्यक्षात नसतो."

मामींनी माइक काढून घेतला. "बाई, कॅमेरा यांच्याकडं फिरव. हेच ते!" आणि फवारा, आमरस, नवरीची साडी, सगळं साग्रसंगीत सांगितलं. मधे मधे लोक टाळ्या वाजवत होते. मुलीनं शोभाला विचारलं, "ताई, तुम्हाला कधी वाटलं का, नवऱ्याला मारावं?"

"वाटतं की," शोभा शांतपणे म्हणाली. "पण मग भांडायचं कुणाशी? भिंत उलटून बोलत नाय हो!"

मामी दुसऱ्या दिवशी एकट्याच कन्नडच्या एसटीत बसल्या. आणि तो व्हिडिओ मात्र शहरभर फिरला. परवा आम्ही दोघं औरंगपुऱ्यात भाजी घेत होतो. एका अनोळखी बाईनं आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "अहो, ते बघा, पिक्चरवाले! अजून जिवंत हायेत!"

तो गृहस्थ लगबगीनं पुढं आला, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि अत्यंत आदरानं विचारलं, "साहेब, कसं जमवलं हो?"

मी घसा साफ करून उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात शोभा भाजीची पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, "त्यांना काय माहीत? मला विचारा!"