पंचवीस शब्दांचे काका

काका बोलताना बोटांवर शब्द मोजायचे. समोरचा बोलू लागला की त्याचेही मोजायचे, त्यामुळे त्यांच्याशी भांडणसुद्धा आटोपशीर करावं लागे. नगरला त्यांचा छोटा छापखाना होता; सगळं गाव त्यांना काकाच म्हणे. तिथून निघणाऱ्या साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर एक चौकट असे: पंचवीस शब्दांची गोष्ट. लिहिणाऱ्याचं नावही त्यातच मोजायचं. भलेभले लेखक आडनाव घरी ठेवून येत!

एकाहत्तर साली मी नगरला कॉलेजात होते. तिसगावला माझ्या वडिलांनी, अण्णांनी, बजावलं होतं, "दिवाळीपातुर तुजं लिवलेलं छापून आलं तर शिक. न्हाई तर लगीन." मी सहा पानांची गोष्ट घेऊन काकांकडे धावले. त्यांनी ती वाचली आणि चष्मा कपाळावर ढकलला. "पहिल्या पानावर सूर्य उगवतो, सहाव्यावर मावळतो. मधे गोष्ट केव्हा झाली, बाई?"

असा संताप आला म्हणून सांगू! पण अडला हरी. तिथंच बाकड्यावर बसून कापत सुटले. काका छपाईचे खिळे जुळवता जुळवता म्हणाले, "वाचणारा खुळा नसतो. अर्धी गोष्ट त्याला करू दे." संध्याकाळपर्यंत एवढं उरलं:

'बाजारात बापानं पोरीला विचारलं, "काय घेऊ? बांगड्या की रिबन?" पोर म्हणाली, "पाटी." बाप हसला. घरी येताना त्यानं दोन पाट्या आणल्या. एक तिला, एक स्वतःला.'

हे चोवीस. पंचविसावा, 'सुमन'.

दिवाळीला अण्णांनी अंक हातात घेतला. ते दुसरी शिकलेले. ओळीवर बोट ठेवून, अडखळत, मोठ्यानं शेवटपर्यंत वाचलं. सहा पानं असती तर बंबात गेली असती.

"आडनाव कुठं हाय?"

"मावलं न्हाई."

"आन दोन पाट्या मी कवा आनल्या?"

"आनल्या न्हाईत, म्हनून तर लिवलं."

अण्णा बराच वेळ त्या चौकटीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "शिक."

काकांना हे सांगितलं तर त्यांनी सवयीनं एक बोट दुमडलं आणि खो खो हसले. "आपण पंचवीस घालवले, अण्णांनी एकात उरकलं! त्यांना म्हणावं, पुढची चौकट तुमची."

महिन्याभरात छापखान्यात पोस्टकार्ड आलं. वाकडंतिकडं अक्षर: 'पाटी आनली. माज्यासाठी. अण्णा.' काकांनी ते खिळ्यांच्या पेटीवर टाचलं, छापलं मात्र कधीच नाही.

पुढं छापखाना बंद झाला. त्या दिवशी काकांनी ते कार्ड माझ्या हातात दिलं. "पंचवीस भरायला हवे होते," ते म्हणाले, "पण याच्यात एक शब्द वाढवा म्हणायची माझी छाती झाली नाही, बाई."