कुमुदिनीमावशींचे दोन डबे

इंदूरच्या ‘जुनी इंदूर’ भागातल्या आमच्या गल्लीत कुमुदिनीमावशी कोचिंगच्या मुलांना जेवणाचे डबे देतात. नवरा गेल्यापासून घर त्यावरच चाललंय. महिन्याचे पैसे मुलं आधीच देतात, या धंद्यात तशीच रीत आहे. मावशी मात्र ते पैसे फळीवरच्या पितळी डब्यात ठेवतात. तो मुलांचा. रोज जेवण पोचलं, की त्या दिवसापुरते पैसे काढून शेजारच्या स्टीलच्या डब्यात टाकायचे. तो आपला. किराणा, भाजी, वीजबिल, सगळं या आपल्या डब्यातून. एखादा मुलगा मध्येच गावी, महूला वगैरे, घरी गेला, तर उरलेले पैसे पितळी डब्यातून निघून त्याच्या हातावर. दोन्ही डबे शेवटी तुमच्याच फळीवर आहेत ना, असं मी त्यांना चिडवायचो. त्या कधी हसल्या नाहीत.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे पार गेले. एक हात ओट्यावर टेकून त्या पोळ्या लाटायच्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. तेवढे पैसे स्टीलच्या डब्यात जेमतेम साठले होते. मग त्यांनी ठरवलं, की आता कुणाचेही नवे पैसे घ्यायचे नाहीत. पितळी डबा रिकामा झाला, की आपण सुटलो.

प्रत्येकाचा महिना वेगळ्या तारखेला संपणारा, त्यामुळे डबा रिकामा होता होईना. अखेर तळ दिसला. त्या दुपारी मावशी खुर्चीत नुसत्या बसून होत्या, आणि मला बरं वाटलं.

तेवढ्यात त्यांचा मुलगा नीरज आला, नव्या मोटारसायकलवर. हळूहळू सगळं बाहेर पडलं. थोडी सवलत देतो म्हणून त्यानं पोरांकडून तीन-तीन महिन्यांचे पैसे परस्पर आपल्या मोबाइलवर घेतले होते, आणि ते गाडीत घातले होते.

"अकाउंटमध्ये आले तर आपलीच कमाई झाली ना, आई? इसमें क्या टेन्शन?"

"पैसे आले रे," मावशी म्हणाल्या. "जेवण कुठे झालंय अजून?"

माझं डोकंच फिरलं. गाडी वीक आणि पोरांचे पैसे परत कर, असं मी त्याला सुनावलं. मावशींनी मला गप्प केलं. गाडीचे निम्मेही येणार नाहीत, आणि परीक्षेच्या तोंडावर पोरं दुसरीकडे कुठे जेवणार, एवढंच त्या म्हणाल्या. मग भिंतीला धरून उठल्या, आणि स्टीलच्या डब्यातले ऑपरेशनचे पैसे काढून पितळी डब्यात ठेवले. डॉक्टरांना फोन करायचं काम माझ्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी डबे पोचले. मावशींनी पितळी डबा उघडला, एका दिवसाचे पैसे काढले आणि आपल्या डब्यात टाकले. एकदा कमावलेले स्वतःचेच पैसे त्या आता पुन्हा कमावत होत्या, त्याच गुडघ्यांवर उभं राहून.