तिसरं कडवं

सिस्टरबाईंच्या शोकसभेत सगळ्यात जास्त वेळ मीच बोलले. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, वर कॉलनीच्या महिला मंडळाची सचिव. त्यामुळे बारसं असो की तेरवी, माईक माझ्याच हातात येतो. त्यांची भामरागडकडची नर्सची नोकरी, तिथली बाळंतपणं, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, निवृत्तीनंतर भद्रावतीला येऊन राहणं, तो गोड गळा, सगळं सांगितलं. बायांनी डोळे पुसले. पण जे खरं सांगायचं होतं ते मी गिळलं, आणि भाषणानंतर जे बोलले ते बोलायलाच नको होतं.

कॉलनीच्या फाटकाबाहेर दोन खोल्या घेऊन त्या एकट्या राहायच्या. बीपीचं मशीन आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असायची. कॉलनीत दवाखाना होता, फोन केला की गाडी यायची, तरी आम्हाला सवयच लागली होती. कोणाच्या नातवानं नाकात वाटाणा घातला, बोलवा सिस्टरबाईंना. कोणाला गरगरलं, बोलवा. कोणाच्या सुनेला उलट्या झाल्या, अगदी गोड बातमीच्या, तरी बोलवा. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही आणि आम्हीही कधी लाजलो नाही.

दर मंगळवारी आमचं भजन असायचं. त्यात सगळ्या वाट बघायच्या ती सिस्टरबाईंच्या गाण्याची. भजनं त्या छान म्हणतच, पण एक गाणं त्यांनी स्वतः रचलेलं होतं, नोकरीतल्या एका पावसाळ्याचं. पहिल्या कडव्यात दूरच्या गावातून निरोप येतो की एक बाई अडली आहे, तिला खाटेवर घालून आणताहेत. दुसऱ्या कडव्यात नर्स नदीवर पोहोचते. ते कडवं कॉलनीतल्या लहान पोरींनाही पाठ होतं:

पल्याड खाट टेकली व बाई, अल्याड उभी मी,
मधात वाहे पाणी लाल, सांगा जाऊ कशी मी.

आणि बरोबर इथे दार वाजायचं. खोटं नाही सांगत. "सिस्टरबाई आहेत का? जरा येता का?" त्या पदर खोचून उठायच्या आणि निघायच्या. पुढच्या मंगळवारी परत पहिल्यापासून. राहिलेलं तेवढं म्हणा म्हटलं तर ऐकायच्या नाहीत. "गाणं मधातून सुरू होत नाई," असं म्हणायच्या. मग त्या बाईचं पुढे काय झालं, असं कोणी विचारलं तर एकच उत्तर, "ते तिसऱ्यात हाय. आयकजाल ना."

आम्ही यावर हसायचो. सिस्टरबाईंचं गाणं म्हणजे नदीवरच अडकलेलं, अशी थट्टा करायचो. थट्टेत मीच पुढे असायचे.

एका वर्षी शारदोत्सवात मीच ठरवलं की त्यांना मंचावर पूर्ण एक तास द्यायचा. त्या खूप खूश झाल्या. माझ्या घरी येऊन विचारून गेल्या, "मॅडम, पुरा तास? मधात कोणी नाई बोलावनार?" मी म्हटलं, "मी स्वतः दाराशी उभी राहीन." त्यांनी निळ्या काठाची नवी साडी घेतली. पंधरा दिवस पेटीवाल्याबरोबर सराव केला, तोही दुपारी, म्हणजे कोणाच्या स्वयंपाकाच्या वेळेत अडचण नको.

त्या संध्याकाळी मंडप भरला होता. चार भजनं झाली. मग त्यांनी ते गाणं धरलं. नदीपर्यंत आल्या. मंडपात एकही मूल रडत नव्हतं.

तेव्हाच माझ्या हातातला फोन थरथरला. माझे मिस्टर होते. "आईला छातीत दुखतंय."

सासूबाईंनी दुपारी कोहळ्याची बोंडं किती खाल्ली होती ते मला माहीत होतं. दवाखाना आमच्या घरापासून पाच मिनिटांवर होता, हेही माहीत होतं. मी मिस्टरांना फक्त एवढं म्हणायला हवं होतं, की गाडी बोलवा. पण मी ते म्हटलं नाही. मी मंचासमोर गेले आणि हात वर करून सिस्टरबाईंना खुणावलं. जी दाराशी उभी राहणार होती, तिनंच बोलावलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दुसऱ्या कडव्याची ओळ पुरी केली आणि माईक खाली ठेवला. पेटी थांबली. चपला शोधायलाही त्या थांबल्या नाहीत, पेटीजवळ ठेवलेली पिशवी तेवढी उचलून अनवाणीच माझ्याबरोबर आल्या.

घरी त्यांनी सासूबाईंना उशांना टेकवून बसवलं, नाडी बघितली, बीपी बघितलं, काय काय खाल्लं ते विचारलं. "गॅसच दिसते, पण वय पाहता दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढून घ्याच," असं मिस्टरांना सांगितलं आणि गाडी येईपर्यंत सासूबाईंचा हात धरून बसल्या. मायलेकांना घेऊन गाडी गेली. पुढे सगळं ठीकच निघालं.

घरात आम्ही दोघीच राहिलो. मी आरशासमोर उभी राहून केस नीट करत होते, कारण मंडपात पाहुणे बक्षिसं वाटायला येऊन बसले असणार आणि यादी माझ्याकडे होती. मागून त्यांचा आवाज आला.

"मॅडम, राह्यलेलं इथीच म्हनू काय? एकच कडवं हाय."

गाणं मधातून सुरू होत नाही म्हणणारी बाई स्वतःहून विचारत होती. मला ते तेव्हाही कळलं. कळलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. मी आरशातूनच म्हटलं, "नंतर हो बाई, पाहुणे खोळंबलेत."

"बरं," त्या म्हणाल्या. पिशवी उचलली आणि मंडपाकडे न जाता आपल्या घराकडे गेल्या. चपला दुसऱ्या दिवशी मी एका मुलीच्या हाती पाठवल्या. स्वतः गेले नाही.

त्यानंतर मंगळवारी त्या येत, भजनं म्हणत, पण ते गाणं त्यांनी पुन्हा धरलं नाही. पुढच्या वर्षी तास देऊ असं मी चारचौघींत म्हटलं होतं. पुढच्या वर्षी आम्ही गरबा ठेवला. मग त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि पुतण्या त्यांना चंद्रपूरला घेऊन गेला. मी महिन्यातून एकदा तरी बाजाराला चंद्रपूरला जायचे. पुतण्याचं घर बसस्टँडपासून ऑटोनं दहा मिनिटांवर. साड्या बदलून घेतल्या, मसाले दळून आणले, मिक्सर दुरुस्त केला. तिकडे गेले नाही. कोणत्या तोंडानं जाऊ, असं वाटायचं, आणि तेवढंच कारण पुढे करून दरवेळी परतीची बस पकडायचे. दीड वर्षानं फोन आला, की सिस्टरबाई गेल्या.

तर शोकसभा. मी बोलून बसले आणि मागून एका बाईनं ते गाणं सुरू केलं. हळूहळू सगळ्याच म्हणू लागल्या. निरोप आला, खाट निघाली, नदी आली. पल्याड खाट, अल्याड मी. आणि सगळ्या थांबल्या. कोणालाच पुढचं येत नव्हतं.

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, त्या दिवशी तुमच्या घरी पुरं म्हटलं असन ना त्याईनं? मंग काय झालं व त्या बाईचं?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. म्हटलं नाही असं सांगितलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं.

"हो," मी म्हटलं. "पाणी उतरलं, नाव आली. सुखरूप सुटली ती. पोरगी झाली."

पोरगी का म्हटलं, कोण जाणे. म्हातारीनं हात जोडले. "बरं झालं व माय," ती म्हणाली, आणि सगळ्यांनीच सुस्कारा सोडला.

आता मंगळवारी ते गाणं पुरं होतं. बायांनी मिळून तिसरं कडवं केलं, माझ्या सांगण्यावरून. चालीत बसत नव्हतं म्हणून शब्द मीच इकडेतिकडे करून दिले. पाणी उतरतं, नाव येते, पोरगी रडते, आणि आमच्या बाया टाळ्या वाजवतात.

त्या कडव्याला मी नुसते ओठ हलवते. कारण मला दिसतात त्या मंचावरून अनवाणी उतरणाऱ्या सिस्टरबाई. ती बाई खरंच नदी ओलांडून सुखरूप आली असती, तर पुढे आयुष्यभर कोणाच्याही पहिल्या हाकेला त्या अशा धावल्या असत्या का? उत्तर त्या सांगायला तयार होत्या, माझ्याच घरात, एका कडव्यात. मी केस नीट करत होते.