एकशेएकावा मासा

माझ्या बायकोच्या मामांइतका मासे खाणारा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून झाला नाही, आणि माशांसाठी इतका जीव टाकणाराही झाला नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात, असं कुणी विचारलं की मामा त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. "तुला आंबा आवडतो ना? मंग झाड तोडतंस काय?" एवढंच म्हणतात आणि विचारणाऱ्याला त्याच्या अज्ञानात सोडून नदीकडे निघून जातात. मी त्यांना गेली बावीस वर्षं ओळखतो. त्यांच्याबद्दल लिहायचं केव्हापासून मनात आहे, पण त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे माझ्याबद्दलही एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगायला मला सात वर्षं लागली.

वैशाखऱ्याच्या थोडं पुढे, माळशेजचा रस्ता सोडून खाली उतरलं की मामांचं गाव. गावाच्या अंगाने घाटातली नदी जाते. होळीनंतर ती ठिकठिकाणी तुटते, आणि जे जे जिवंत असेल ते आसरांच्या डोहात येऊन राहतं. काठावर शेंदूर फासलेले सात दगड आहेत, त्या सात आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवी. या डोहात नदीतल्या शेवटच्या खडच्या आहेत. खडची म्हणजे महाशीर, हाताच्या पंजाएवढ्या सोनेरी खवल्यांचा मासा. एके काळी त्या खाली पार सपाटीपर्यंत मिळायच्या. मग मच्छरदाणीसारख्या बारीक जाळ्या आल्या, बॅटरीचा शॉक आला, ब्लीचिंग पावडर आली, आणि खडच्या वर सरकत सरकत या एका डोहात येऊन थांबल्या. इथून वर नुसता घाट आहे.

चैत्रात पाणी निवळशंख झालं की मामा खडच्यांची मोजणी करतात. त्यासाठी डोहावरच्या कातळावर पालथं पडावं लागतं, हनुवटी दगडाला टेकवावी लागते आणि श्वास अर्धाच घ्यावा लागतो. मामांच्या कोणत्याही सदऱ्याला वरची दोन बटणं नसतात. ती कातळावर घासून गेलेली असतात. लग्नात घालायचा सदरासुद्धा याला अपवाद नाही. मी पहिल्यांदा शेजारी पडलो तेव्हा नवा जावई म्हणून पांढराशुभ्र शर्ट घालून गेलो होतो. मामांनी तो आधी काढायला लावला. मग मी जरा पुढे झुकलो तर खेकसले, "जावई, सावली काढा! सावली पडली का त्या खाली जातात. तुमी मोजनार काय, पानी?" उघड्या अंगाने, मामेसासऱ्यांच्या शेजारी, तापलेल्या दगडावर पालथं पडून काढलेली ती दुपार माझ्या लग्नाच्या सगळ्या विधींपेक्षा मला जास्त आठवते.

मामांची खरी लढाई मिरगाच्या सुमारास असते. तेव्हा नदीतले मासे अंडी घालायला ओढ्याओढ्यांनी चढून भातखाचरात येतात. याला वलगण म्हणतात, आणि सगळा गाव टोपल्या घेऊन बांधावर जातो, कारण गाबोळीने भरलेल्या त्या माशांसारखी चव नाही. मामा पूर्वी स्वतः सगळ्यांच्या पुढे असायचे. मग एका वर्षी त्यांच्या लक्षात आलं की टोपल्या तेवढ्याच आहेत आणि मासे टोपलीच्या बुडाशी आहेत. त्यांनी गावात फिरून सांगून पाहिलं, कुणी ऐकलं नाही. तेव्हा त्यांनी काय केलं, तर गाबोळीने पोट फुगलेली एक मासोळी घमेल्यात घालून आणली आणि आळीतल्या बायकांना म्हणाले, "पोटुशी हाय, माहेरी आलीय. ओटी भरा गो तिची." बायकांना चेष्टाच हवी होती. तांदूळ आले, खण आला, नारळ आला, एकीने तर घमेल्याला हळदकुंकू लावून "नाव घे गो बाय" म्हणून माशाला आग्रह केला. हसून हसून सगळ्या दमल्या. आणि संध्याकाळी चुलीपुढे बसल्यावर एकेकीच्या लक्षात आलं की घोटाळा झाला आहे. जिची ओटी भरली तिच्या बहिणींना कढईत घालायचं कसं? त्या वर्षी पंधरा दिवस आळीत डाळ शिजली. पुरुषांनी मामांना शिव्या घातल्या. मामींनी सर्वांत जास्त घातल्या. पण दरवर्षी ओटी भरली जाते, आणि ती भरल्यापासून पंधरा दिवस त्या आळीतली टोपली बांधावर जात नाही.

बाहेरच्यांना ओटीचं काय? शनिवार-रविवारी गाड्या घेऊन पोरं येतात, डिकीत ब्लीचिंगची पिशवी असते. मामा त्यांच्याशी भांडत नाहीत. शेजारी जाऊन उकिडवे बसतात, बिडी मागतात, आणि सहज म्हणतात, "काल इथनंच बुडालेल्याची बाडी काढली. एक भेटली, दुसरी अजून नाय." पोरं गाडी वळवतात. हा उपाय मामांनी इतक्यांदा वापरला की अखेर एक हवालदार चौकशीला आला. मामांनी त्याला कातळावर बसवलं, चहा पाजला, खडच्या दाखवल्या, आणि शेवटी त्यालाही शर्ट काढायला लावला.

पाणी आटलेल्या डबक्यांतून मासे उचलून डोहात आणणं हा मामांचा उन्हाळी उद्योग. बादली, ओलं गोणपाट आणि मामा असे तिघं मिळेल त्या जीपने जातात. बादलीला खिडकीजवळची जागा लागते. एकदा माझ्या मोटरसायकलवर मागे बसले होते. सरळगावपासून घरापर्यंत दर खड्ड्याला बादलीत तोंड घालून "झालं, झालं, आलं घर" असं माशांना सांगत होते आणि मला म्हणत होते, "मास्तर, तुमाला गाडी शिकवली कोनी?" मी शेणव्याला शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून रागात मी मास्तर आणि एरवी जावई.

याच उद्योगासाठी त्यांनी नवसही वळवला होता. आसरांना कोंबडं देण्याची रीत होती. मामांनी दहा-पंधरा वर्षं हळूहळू सांगून सांगून ती बदलली: कोंबडं नको, आटत्या डबक्यातले जिवंत मासे आणून डोहात सोडा, आसरांना लेकरं परत मिळतात. लोकांनी ते मानलं. मीही मानलं.

सात वर्षांपूर्वी माझ्या बायकोच्या पोटात गाठ निघाली. कल्याणच्या दवाखान्याच्या जिन्यात मामा माझ्याजवळ बसले होते. आईविना राहिलेल्या भाचीला त्यांनीच वाढवलं होतं, त्यांचा चेहरा बघवत नव्हता. म्हणाले, "जावई, आसरांना बोला." मी मनातल्या मनात बोललो. विज्ञानाचा मास्तर आहे, तरी बोललो. एकशे एक मासे. ऑपरेशन नीट झालं, गाठ साधी निघाली. मग नवस फेडायची वेळ आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती, डबकी भरलेली होती, आणि चिखलात उतरून एकशे एक मासे धरायचे तर मला दोन महिने लागले असते. शेततळ्यांसाठी मत्स्यबीज विकणारा एक माणूस ओळखीचा होता. मी त्याला म्हटलं, "नवसाचे आहेत, वाटेत एकही मरता कामा नये. मरणार नाहीत असेच दे." तो म्हणाला, "सर, ही उचलून रस्त्यावर टाका, तरी मरनार नाय."

पिशवीत हवा भरून त्याने दिलेली पिल्लं चिलापीची, म्हणजे तिलापियाची होती. इथे मला लिहिता आलं असतं की मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. बाहेरून आलेल्या जाती स्थानिक माशांची अंडी कशी खातात, जागा कशी बळकावतात, हे मी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवलेलं आहे. डोहावर पिशवी उन्हात धरली तेव्हा अंगावरचे पट्टे मला स्पष्ट दिसले. पण नवस बोललेला होता, बायको घरी बरी होऊन हिंडत होती, आणि देवाचं देणं बदलायला परत जावं एवढं धैर्य माझ्यात नव्हतं. मामा त्या दिवशी मुरबाडला लग्नाला गेले होते. मी पिशवी सोडली, सात दगडांना हात जोडले आणि घरी आलो. नवस फेडला एवढंच सांगितलं.

दीड वर्षाने मामांना डोहात चिलापी दिसली. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि निष्कर्ष काढला की ती त्यांच्याच बादलीतून आली. आदल्या उन्हाळ्यात त्यांनी एका खाणीच्या खड्ड्यातून पिल्लं आणली होती. "डोळं गेलं माझं," ते म्हणाले. "मीच आनली. माझ्या हातानं." आणि आसरांपुढे उभं राहून त्यांनी शपथ घेतली: शेवटची चिलापी डोहातून निघेपर्यंत मासा खाणार नाही.

ज्या माणसाच्या ताटात खाऊन झाल्यावर काटा कंगव्यासारखा स्वच्छ उरायचा, जो वास घेऊन मासा नदीचा की तळ्याचा सांगायचा, तो वालाच्या आमटीवर आला. सुकट भाजली की घराबाहेर जाऊन बसायचा. रोज गळ टाकून चिलापी काढायचा आणि वाटून टाकायचा. रागातही मामांचा न्याय सुटला नाही. एकदा मला विचारलं, "मास्तर, ही पिल्लं तोंडात ठेवून वाढवते म्हंतात, खरं?" मी खरं म्हटलं. "आई म्हनून चांगली हाय," म्हणाले, "शेजारीन म्हनून वाईट."

मी काय केलं? दर सणाला गेलो, मामींनी वाढलेले मासे खाल्ले, आणि समोर वाल चिवडणाऱ्या मामांकडे बघितलं नाही. पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, पाण्याखालचं दिसेना, तेव्हा मोजणी माझ्याकडे आली. मी आकडा वाढवून सांगू लागलो. एक लपवायला दुसरं.

या चैत्रात आम्ही दोघं कातळावर पालथे पडलो होतो. मला अकरा दिसल्या. मी सतरा सांगितल्या.

"सतरा?" मामा चक्क उठून बसले. "गेल्या साली सोळा. वाढली की हो जावई!" मग दगडांकडे वळून त्यांनी हात जोडले. "बायांनी माझं पाप पोटात घातलं."

ते 'माझं पाप' मला सोसेना. मी म्हटलं, "मामा, अकराच आहेत."

"आँ?"

"अकरा. आणि गेल्या वर्षी बारा होत्या. आणि ती चिलापी तुमच्या बादलीतून नाही आली. मी सोडली. नवसाची." मग सगळं सांगितलं, पट्टे दिसले होते हेसुद्धा.

खंड्या दोनदा येऊन गेला. मग मामांनी विचारलं, "किती सोडलीस?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला अरे-तुरे केलं होतं. "एकशे एक," मी म्हटलं.

"वरचं एक कशाला?"

"शकुनाचं."

"हां," मामा म्हणाले, आणि उठून चालू लागले.

घरी मामींनी पानं वाढली. माझ्या ताटात तळलेली चिलापी, मामांच्या ताटात वाल. मामा पाटावर बसले, दोन्ही ताटांकडे बघितलं आणि माझं ताट ओढून घेऊन आपलं माझ्यापुढे सरकवलं. मामींचा हात हवेतच राहिला. "अवो, शपथ?" मामा पहिला घास तोंडात घोळवत राहिले. काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. पाच वर्षांनीही तो तसाच निघाला, कंगव्यासारखा. पाणी प्यायले. मग म्हणाले, "पोरीचा जीव वाचला ना?"

"वाचला."

"मंग ते राहू दे. बाकीचं फेड. शेवटली चिलापी निघस्तवर आता मासा तू खायाचा नाय." आणि मामींना म्हणाले, "जावयाला वाल वाढ गो. लाजतंय."

घरी येऊन बायकोला सांगावं लागलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "मामानं पाच वर्षं मासा सोडला, आणि तुम्ही माझ्यासमोर कालवण ओरपत होतात."

आता दर रविवारी मी किन्हवलीवरून सरळगाव आणि तिथून डोहावर जातो, गळ टाकून बसतो. पकडलेली चिलापी मामी तळतात, मामा खातात, आणि मिटक्या मारता मारता मला सांगतात, "हात चालव, नायतर माशाबिगर मरशील." चिलापी संपणार नाही हे त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. आम्ही कमी करतो, ती वाढते. एवढं झालं तरी खडच्यांच्या अंड्यांना थोडी जागा मिळत असेल. मामा आता काठीशिवाय उतारावरून येत नाहीत. कातळावर पालथे मात्र हट्टाने पडतात, समोर काही दिसत नसताना.

परवा पाणी अगदी स्वच्छ होतं. मी तीनदा मोजलं.

"किती?"

"नऊ," मी म्हटलं.

मामांची हनुवटी दगडावर टेकलेली, डोळे मिटलेले. झोप लागली की काय असं मला वाटलं. मग हळूच म्हणाले, "दहावी तुझ्या सावलीखाली असंल. सरक."

मी सरकलो.