हाताची मागची बाजू

एकादशीच्या दुपारी प्रमिलाबाई चटईवर जरा आडव्या होतात. विष्णुसहस्रनाम अर्ध्यावर येतं आणि ओठ थांबतात. वरचा पंखा घुमत असतो. त्याची घरघर हळूहळू जाड होते, भिंतींत शिरते, आणि पाठीखालची फरशी किंचित उचलल्यासारखी वाटते.

"आई, ऊठ. पट्टा सोड आणि माझ्याबरोबर ये."

केतकी. विमानात प्रवाशांची सरबराई करायची नोकरी होती त्यांच्या लेकीची. दोन वर्षं झाली तिला जाऊन. धुरानं भरलेलं विमान कसंबसं खाली उतरलं, सगळे प्रवासी सुखरूप बाहेर पडले, ती तेवढी आत राहिली. हे प्रमिलाबाईंना स्वप्नातही ठाऊक आहे. म्हणून त्या आधी तिच्या पायांकडं बघतात. पाय सरळ आहेत.

जळक्या वायरीचा वास येतोय, केतकी हळू आवाजात सांगते. धूर अजून दिसत नाही, पण भिंतीच्या आत कुठंतरी काहीतरी तापलंय. जेवण गरम करायच्या भट्ट्या तिनं केव्हाच बंद केल्यात, आणि वैमानिक पुढं बसून एकेका भागाची वीज तोडत आणतोय. मग मेन स्विचच काढा की एकदाचा, बाबा काढतात तसा, असं प्रमिलाबाई सुचवतात. केतकीला हसू येतं. वर आकाशात थोडी तरी चालू ठेवावीच लागते गं, नाहीतर उतरायचं कसं, असं ती म्हणते.

"तू डावी बाजू बघ, मी उजवी. भिंतीला हाताची मागची बाजू लावत जा. तळहात नको. पोळ्या उलटून उलटून तुझ्या तळहाताला आता काय कळणार?"

प्रमिलाबाई निघतात. दिवे गेलेले आहेत. शेजारच्या वहिनी झोपलेलं नातवंड मांडीवर घेऊन बसल्यात, जेवायला उशीर आहे का म्हणून विचारतात. पुढं वाट अरुंद होते, पायांखाली दगड लागतो. ही तर दत्ताच्या देवळातली प्रदक्षिणेची वाट. देव उजव्या हाताला, डाव्या हाताला तेलकट गार भिंत, आणि भिंतीत गोल खिडक्या, बाहेर नुसते ढग. दगडावर शेंदरानं रांगांचे आकडे काढलेत. बाविसाव्या रांगेशी, खिडकीच्या खाली, हाताला चटका बसतो.

त्या हात पदराखाली घेतात.

सांगितलं, तर केतकी आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन इथं गुडघ्यांवर बसणार, आणि मग उठायची नाही. नाही सांगितलं, तर ती अजून जराशी समोर उभी राहील, अशीच, अंबाड्यातली पिन नीट करत.

"कुठं लागलं का गरम?"

"नाही. सगळं गार आहे." देवाच्या वाटेवर उभं राहून त्या हे बोलतात. वर विचारतात, सकाळपासून काही खाल्लंस का, बस माझ्यापाशी घटकाभर.

केतकी बसत नाही. लहानपणी चोरलेली कैरी पाठीमागं धरून ती उभी राहायची, तेव्हा प्रमिलाबाई तिच्याकडं जशा बघायच्या, तशी ती आता बघते.

"हात बघू."

ती आईचा हात पदराखालून काढते, उलटा करते, त्यावर फुंकर घालते. रागावत नाही.

"आता रांग सांग, आई."

"सांगितलं तर तू जाशील."

"जाईन. पण ही माणसं उतरतील."

मागं कुणीतरी खोकतं. वहिनी नातवंडाच्या नाकावर पदर धरतात. प्रमिलाबाई ओठ घट्ट मिटून घेतात. केतकी वळते आणि एकेक रांग करत स्वतःच चाचपायला लागते, पालथ्या हातानं, पहिल्यापासून. धूर वरून खाली येतो. आधी तिचा अंबाडा दिसेनासा होतो, मग खांदे. भलत्याच ठिकाणी शोधतेय ती. प्रमिलाबाई आकडा ओरडायला जातात तर जीभ टाळूला चिकटते.

"अगं, किती हाका मारल्या." केतकीचे बाबा, भालचंद्रराव, उशाशी वाकलेले असतात. ते त्यांना बसतं करतात, पाण्याचं भांडं पुढं करतात आणि थबकतात. प्रमिलाबाईंच्या डाव्या हाताची मागची कातडी लाल झालीय, मधोमध फोड टरारून आलाय.

"हे कशानं भाजलं?"

"बाविसावी रांग," त्या म्हणतात. "डावीकडं. खिडकीच्या खाली."

मग त्या उंबऱ्याकडं तोंड करून तेच पुन्हा सांगतात, मोठ्यानं.