गवंडीमामांचा चीजचा गोळा

आमचे मामा गवंडी. चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींना गिलावा करण्यात गेली. जगात त्यांचा विश्वास दोघांवरच, भिंतीचा वाकडेपणा दाखवणाऱ्या ओळंब्यावर आणि मामीवर. पैकी ओळंब्याला ते कधी उलट बोलत नाहीत.

आमच्या इमारतीत वर्षाच्या शेवटी खालच्या हॉलमध्ये पार्टी असते. घरटी एक पदार्थ, आणि पुढ्यात करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. टेबलाच्या मधोमध बावीस वर्षं मामीचा चीजचा गोळा. मऊ चीज, किसलेलं चीज, लसूण, मिरी, वरून अक्रोडाचा चुरा. बिस्किटाला लावून खायचा. ताट घरी येतं ते चाटूनपुसून. यंदा आठवडाभर आधी मामी जिन्यात घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाई लगेच म्हणाल्या, "मग मधली जागा माझ्या केकला द्या." मामीचं तोंड एवढंसं झालं. त्या जागेचा तिला भारी अभिमान.

"जागा कुणाला द्यायची नाही," मामा म्हणाले. "गोळा मी करतो."

"तुम्ही? तुमचा साधा चहा उतू जातो!"

"चाळीस वर्षं माल कालवतोय. चीज काय आभाळातून पडलंय?"

पार्टीच्या दिवशी सकाळी मामी खुर्चीत बसून हुकूम सोडत होती आणि मामा निमूटपणे कालवत होते. गोळा त्यांनी थापीनं गुळगुळीत केला. थापी नवी कोरी होती, हे मुद्दाम सांगते. मामीलाही खोट काढायला जागा उरली नाही. "आता हा नीट ठेवून द्या, अक्रोड मी आल्यावर लावू," असं बजावून ती माझ्याबरोबर हात दाखवायला दवाखान्यात गेली.

आम्ही परत आलो तेव्हा तीन वाजले होते. गोळा ओट्यावर, ओल्या फडक्याखाली. मामा वाटीतून त्यावर पाणी शिंपडत होते.

"अहो, हे काय चाललंय?"

"पाणी मारतोय. नाहीतर तडे जातात. तासातासाला मारलं, एकदाही चुकलो नाही."

मामीनं डाव्या हातानं फडकं उचललं. ताटात नुसता चिखल. ती मटकन खुर्चीत बसली. "द्या केकलाच जागा," म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मला मामांचा असा राग आला की विचारू नका. मामा मात्र ताटाकडे बघत उभे होते, खचलेल्या भिंतीकडे बघतात तसे.

"माल पातळ झाला तर काय करतात?" ते स्वतःशीच म्हणाले. "कोरडं घालतात."

पाणी निथळलं. टोस्टचा चुरा पडला, उरलंसुरलं चीज पडलं, झाडून सगळे अक्रोड पडले. मामीनं बोटावर घेऊन चाखलं. "मीठ घाला," ती म्हणाली, आणि माझ्या जिवात जीव आला. गोळा काही वळेना. मग मामांनी ते मोठ्या ट्रेमध्ये थापीनं पसरलं, बोटभर जाडीचं, चारही कोपरे भरून, आणि सुरीनं वर विटा आखल्या. ट्रे फ्रिजमध्ये गेला. दारात पहारा मी दिला.

सहा वाजता टेबलाच्या मधोमध विटांची भिंत होती. पोरांनी ती वरच्या थरापासून पाडायला घेतली. शिक्षिकाबाईंनी दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा घेताना माझ्याकडे बघितलं नाही.

चिठ्ठी मामांनी पट्टी धरून लिहिली होती, नाव फक्त मामीचं. मामीनं ती वाचली, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि डाव्या हातानं खाली मामांचं नाव लिहिलं. अक्षरं घसरत घसरत पार केकच्या दिशेनं गेली.

बोटभर वाकडी भिंतही पाडून पुन्हा बांधणारा हा माणूस! मी चिडवलं, "मामा, ओळंब्यात नाही हं. पुन्हा लिहू?"

"हात लावू नकोस त्याला," मामा म्हणाले.